घरात नव्याने आणलेल्या शोभिवंत रोपांची प्रारंभिक काळजी : एक विवेचन

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत महाविद्यालयीन कार्यक्रमांतून पाहुण्यांचे स्वागत पुष्पगुच्छाऐवजी रोप देऊन करण्याची प्रथा चांगलीच रूढ झाली आहे. चर्चासत्र असो, सेवानिवृत्तीचा निरोप समारंभ असो किंवा एखाद्या समितीची भेट असो, व्यासपीठावरील टेबलावर चार-सहा छोट्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. ही प्रथा निश्चितच स्तुत्य आहे. मात्र स्वागतानंतर त्या रोपाचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पुष्पगुच्छ दोन दिवसांत कोमेजणार हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. रोप मात्र जगेल या अपेक्षेने दिलेले असते. ते दीड-दोन महिन्यांत वाळले की घेणारा खंतावतो आणि 'माझ्या हाताला गुणच नाही' असे म्हणून पुन्हा रोप घेण्याचे टाळतो.

प्रस्तुत लेखिका वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करते. एम. फिल.साठी तिने नेचेवर्गीय वनस्पतींवर काम केले आहे आणि प्रथम वर्षाच्या वर्गाला मुळांचे श्वसन ती दरवर्षी शिकवते. असे असूनही नोकरीवर रुजू झाल्यानंतर भाड्याच्या सदनिकेत हौसेने आणलेल्या पाच रोपांपैकी चार रोपे पहिल्याच पावसाळ्यात गेली. उरलेले एक झेडझेड प्लांट दाराआड ठेवले होते व नंतर ते तेथेच विसरले गेले होते. ज्या चार रोपांना रोज सकाळी न चुकता पाणी मिळत होते ती मेली आणि ज्याच्याकडे कोणी फिरकले नाही ते जगले, ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या अध्यापिकेला ओशाळवाणी वाटावी अशीच होती. शिकविलेले ज्ञान आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतील कुंडी यांच्यात किती अंतर असू शकते, याचा तो प्रत्यय होता.

त्या अनुभवातून सुरू झालेला विचार या लेखात मांडला आहे. नवशिक्याच्या घरी नवे रोप मरते ते बहुतेक वेळा दुर्लक्षामुळे मरत नाही, तर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत केलेल्या अतिकाळजीमुळे मरते, असे लेखिकेचे प्रतिपादन आहे. ही अतिकाळजी कोठून येते व रोपाच्या शरीरात तिचा परिणाम कसा होतो, हे समजून घेतल्यास काळजीचे नियम पाठ करण्याची फारशी आवश्यकता उरत नाही. येथे केवळ घराच्या आत ठेवल्या जाणाऱ्या पानांच्या शोभिवंत रोपांचा विचार केला आहे. गुलाब, मोगरा, जास्वंद यांसारख्या उन्हातील फुलझाडांचा प्रश्न वेगळा आहे.

रोपवाटिकेतून दिवाणखान्यापर्यंत

आपण ज्याला 'घरातले झाड' म्हणतो ते मूलतः घरातले नसते. सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, डिफेनबॅकिया ही उष्ण कटिबंधीय अमेरिकेच्या जंगलांत उंच वृक्षांच्या छायेत वाढणारी झाडे आहेत. मनीप्लांट प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरचा, तर स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या भागातला. ही झाडे कमी प्रकाश सहन करतात म्हणून घरात चालतात. सहन करणे आणि आवडणे यांतील फरक मात्र आपण विसरतो.

बाजारात येण्यापूर्वी हे रोप रोपवाटिकेत वाढलेले असते. पुण्याजवळील उरुळी कांचन परिसरात अशा अनेक रोपवाटिका आहेत, तर आंध्र प्रदेशातील कडियम येथील रोपवाटिकांतून देशभर रोपे पाठविली जातात. तेथे रोपावर हिरवी जाळी असते, जमीन सतत ओली ठेवल्याने हवेत दमटपणा असतो, खत नियमित मिळते आणि जाणती माणसे रोज त्याच्यावरून नजर फिरवत असतात. तेथून ते मालमोटारीच्या अंधारात एक-दोन दिवस प्रवास करते, विक्रेत्याकडे रस्त्याच्या कडेला धूळ खाते आणि अखेर आपल्या दिवाणखान्यात दूरदर्शन संचाशेजारी येऊन बसते. पंधरा दिवसांत त्याचा प्रकाश, हवा, पाणी हे सारे बदललेले असते.

भरपूर प्रकाशात तयार झालेले पान जाड असते व त्याचा श्वसनाचा खर्चही अधिक असतो. मंद प्रकाशात तयार होणारे पान पातळ, पसरट व काटकसरी असते. जुने पान एका मर्यादेपलीकडे स्वतःला बदलू शकत नाही. त्यामुळे नव्या जागी आल्यावर झाड काही जुनी पाने टाकून देते व नव्या परिस्थितीला साजेशी पाने काढते. फायकस बेंजामिना या झाडाची पानगळ तर सर्वपरिचित आहे. अमेरिकेत फ्लोरिडामधील अपॉप्का येथील संशोधन केंद्रात कॉनोव्हर व पूल यांनी १९७० च्या दशकात या विषयावर पुष्कळ काम केले. विक्रीपूर्वी काही काळ सावलीत ठेवून सरावलेली झाडे घरात आल्यावर कमी पाने गाळतात, हे त्यातून स्पष्ट झाले. आपल्याकडील किरकोळ बाजारात असा सराव दिलेले रोप मिळेलच याची खात्री नसते. म्हणून तो सराव घरी द्यावा लागतो.

येथेच पहिली चूक होते. आठवड्याभरात खालची दोन पाने पिवळी पडतात, घरातील मंडळी घाबरतात आणि उपचार सुरू होतात. कोणी पाणी वाढवतो, कोणी खत घालतो, कोणी कुंडी बदलतो, कोणी ते उचलून गच्चीवरच्या उन्हात ठेवतो. जे रोप एका बदलातून सावरत होते त्याच्यावर आणखी तीन बदल लादले जातात. खालची जुनी एक-दोन पाने पिवळी पडून गळणे हा रोग नव्हे. शेंड्याकडील कोंब टणटणीत असेल तर काहीही न करणे हाच त्या वेळचा योग्य उपचार ठरतो. काहीही न करणे हे किती कठीण असते, हे लेखिका अनुभवाने सांगू शकते.

प्रकाश : डोळ्यांची फसगत

प्रकाशाच्या बाबतीत माणसाचा डोळा विश्वासार्ह साक्षीदार नाही. उघड्यावरील भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते. घरात खिडकीपासून हातभर अंतरावर ती दोन-तीन हजारांवर येते आणि खोलीच्या मध्यभागी बहुधा शंभर ते तीनशे लक्स इतकीच उरते. म्हणजे बाहेरच्या तुलनेत कित्येक शेकडा पटींनी घट झालेली असते. तरीही आपल्याला खोली 'चांगली उजेडाची' वाटते, कारण डोळ्याची बाहुली मोठी होऊन व दृष्टिपटल अधिक संवेदनशील होऊन तो फरक भरून काढते. पानाला अशी सोय नाही.

प्रकाश एका पातळीखाली गेला की प्रकाशसंश्लेषणातून तयार होणारे अन्न श्वसनातील खर्चालाही पुरत नाही. मिळकत कमी व खर्च जास्त अशी ती अवस्था असते. झाड मग खोडात व मुळांत साठविलेल्या पिष्टमय पदार्थांवर, म्हणजे जणू आपल्या भविष्य निर्वाह निधीवर, दिवस काढते. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट यांचा हा निधी मोठा असतो. म्हणून ती अंधाऱ्या कोपऱ्यातही वर्षभर हिरवी दिसतात आणि नंतर एकाएकी ढासळतात. 'कमी प्रकाशात चालणारे झाड' या विक्रेत्याच्या शब्दांचा अर्थ पुष्कळदा 'सावकाश मरणारे झाड' असा असतो.

प्रकाश मोजण्यासाठी उपकरण नसल्यास एक साधी कसोटी पुरेशी आहे. दुपारच्या सुमारास रोपाच्या जागी पांढरा कागद धरून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. बोटे वेगवेगळी दिसतील इतकी ठळक सावली पडली तर प्रकाश भरपूर आहे. हाताचा आकार धूसर का होईना ओळखता आला तर बहुतेक पानांची झाडे तेथे राहू शकतात. सावली जवळजवळ पडतच नसेल तर ती जागा झाडाची नव्हे, मूर्तीची किंवा पुस्तकांची आहे.

खिडकीच्या दिशेविषयी एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्रजी पुस्तकांतून दक्षिणेकडील खिडकी सर्वोत्तम आणि उत्तरेकडील खिडकी अंधारी असे सर्रास लिहिलेले असते. ती पुस्तके युरोप-अमेरिकेतील उच्च अक्षांशांसाठी लिहिलेली आहेत. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे प्रत्येक गावी वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो व मधल्या काळात तो आकाशाच्या उत्तर भागात असतो. मे अखेरीस उत्तरेच्या खिडकीत कोवळे ऊन डोकावते आणि दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही. डिसेंबरात नेमके उलट घडते व दक्षिणेचे ऊन खोलीत आतपर्यंत येते. आपल्याकडे नव्या रोपासाठी पूर्वेची खिडकी सर्वांत सुरक्षित आणि उत्तरेची बऱ्यापैकी चांगली म्हणता येईल. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर काच इतकी तापते की पानांवर करपल्याचे पांढुरके चट्टे उमटतात. तेथे पातळ पडदा आवश्यक ठरतो.

रोप आणल्यावर पहिले तीन-चार आठवडे ते खिडकीजवळ, पण थेट उन्हापासून वाचवून ठेवावे. आत न्यायचेच असेल तर टप्प्याटप्प्याने न्यावे. एकदा जागा ठरली की ती वारंवार बदलू नये. पाहुणे आले की कुंडी दर्शनी भागात आणि गेले की पुन्हा गॅलरीत, हा आपल्याकडील नित्याचा प्रकार झाडाला मानवत नाही.

पाणी : भक्ती आणि विवेक

मराठी घरात झाडाला पाणी घालण्याचा संस्कार तुळशीपासून होतो. सकाळी स्नानानंतर तुळशीला तांब्याभर पाणी घालणे हा पिढ्यान्पिढ्यांचा परिपाठ आहे आणि तुळशीच्या बाबतीत तो शास्त्रीयदृष्ट्या योग्यही आहे. तुळस अंगणात, उघड्या वृंदावनात, दिवसभर उन्हात उभी असते. वाऱ्या-उन्हाने तिच्या मातीतील पाणी उडून जाते व पाने भरभर बाष्पोत्सर्जन करतात. रोजचे पाणी तिला खरोखर लागते. मात्र तोच तांब्या आपण त्याच श्रद्धेने दिवाणखान्यातील स्नेक प्लांटवर रिता करतो, तेव्हा परिणाम उलट होतो. तेथे ऊन नाही, वारा नाही आणि वाढही मंद आहे. लेखिकेच्या चार रोपांचे जे झाले ते यामुळेच झाले. (सदनिकेत आतल्या बाजूस ठेवलेली तुळस का तग धरत नाही, याचेही उत्तर येथेच मिळते. तिला पाणी मिळते, ऊन मिळत नाही.)

जास्त पाण्याने झाड मरते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधील हवेतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजनची वाट अडते, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजन सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. जो थोडा पोहोचतो तोही मातीतील सूक्ष्मजीव वापरून टाकतात. ऊर्जेअभावी मुळांची टोके मरतात, मेलेल्या मुळांवर पिथियमसारखे रोगकारक जीव वाढतात आणि मूळकूज सुरू होते. मुळे कुजली की पाणी शोषणारी यंत्रणाच नष्ट होते. मग ओल्या मातीत उभे असलेले झाड पाण्यावाचून सुकू लागते.

या ठिकाणी नवशिक्याची फसगत होते. तहानेने मान टाकलेले रोप आणि मुळे कुजून मान टाकलेले रोप वरून अगदी सारखे दिसते. त्यामुळे दुसऱ्यालाही पाणीच दिले जाते. म्हणून पाने पाहून पाणी घालू नये, माती पाहून घालावे. पाने मलूल व माती कोरडी असेल तर पाणी द्यावे, एक-दोन तासांत रोप उभे राहते. पीस लिली याबाबतीत उत्तम शिक्षिका आहे. ती तहान लागली की नाटकी पद्धतीने लवंडते आणि पाणी मिळताच सावरते. पाने मलूल व माती ओली असेल तर पाणी त्वरित थांबवावे. मातीला कुबट वास येत असल्यास रोप अलगद बाहेर काढून काळी, लिबलिबीत मुळे कापावीत आणि नव्या कोरडसर मिश्रणात लावावे. यश मिळेलच असे नाही.

लेखिकेच्या एका सहकाऱ्यांनी याबाबत रास्त शंका उपस्थित केली होती. मनीप्लांट बाटलीतील पाण्यात वर्षानुवर्षे जगतो, मग त्याची मुळे गुदमरत कशी नाहीत? याचे उत्तर असे की, पाण्यातच फुटलेली मुळे रचनेने त्या स्थितीला अनुरूप असतात आणि बाटलीतील स्वच्छ, अधूनमधून बदलल्या जाणाऱ्या पाण्यात कुंडीतल्या चिखलापेक्षा अधिक ऑक्सिजन असतो. मातीत वाढलेली मुळे एकदम पाण्यात ठेवल्यास त्यांपैकी बरीच कुजतात व नवी मुळे फुटल्यावरच रोप स्थिरावते.

पाणी केव्हा घालावे, या प्रश्नाचे उत्तर दिनदर्शिकेत नाही. तर्जनी मातीत दोन पेरे खुपसून पाहावी. बोटाला ओली माती चिकटली तर थांबावे. स्नेक प्लांट, झेडझेड, जेड यांच्या बाबतीत माती तळापर्यंत कोरडी होण्याची वाट पाहावी. याहून चांगली पद्धत म्हणजे कुंडी उचलून पाहणे. भरपूर पाणी घातल्यावर कुंडी किती जड लागते व आठ दिवसांनी किती हलकी लागते, हे दोन-तीनदा अनुभवले की हाताला अंदाज येतो. लेखिकेच्या घरी एकच सिंगोनियम एप्रिलमध्ये चार दिवसांत कोरडे होते आणि जुलैमध्ये त्याच कुंडीला बारा-तेरा दिवस लागतात. कोकणातील पावसाळी हवेत तर याहूनही अधिक वेळ लागू शकतो. अशा स्थितीत 'दर तीन दिवसांनी एक पेला' हा नियम एका ऋतूत कमी आणि दुसऱ्या ऋतूत घातक ठरतो.

पाणी घालायचे तेव्हा मात्र पोटभर घालावे. तळाच्या छिद्रातून पाणी वाहीपर्यंत घालून, निथळल्यावर ताटलीत साचलेले पाणी ओतून द्यावे. रोज घोटभर पाणी घातल्याने वरचा थर सतत ओला व खालची मुळे कोरडी, अशी विचित्र अवस्था निर्माण होते. त्या ओल्या थरावर चिलटांसारखे बारीक काळे कीटक घोंघावू लागतात. ते दिसणे ही जास्त पाण्याचीच सूचना होय.

कोणते पाणी वापरावे, याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी दीर्घकाळ वापरल्यास मातीवर पांढरा थर येतो व पानांची टोके तपकिरी होतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते कुंड्यांना घातले जाते. हेतू चांगला असला तरी त्या पाण्यात मूळ पाण्याहून अधिक क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसण्यास वापरावे. स्टाफरूममधील कुंडीत उरलेला चहा ओतण्याची सवय कोठून आली हे कळत नाही. दूध-साखरेच्या चहाने मुंग्या आणि बुरशी यांखेरीज काहीही वाढत नाही. पानांवर दिवसातून चारदा फवारा मारण्याचाही फारसा उपयोग नसतो, कारण तो दमटपणा काही मिनिटेच टिकतो. चार कुंड्या एकत्र ठेवण्याने त्याहून अधिक साधते.

माती आणि कुंडी

रोप घरी आणल्याबरोबर ते मोठ्या, देखण्या कुंडीत लावण्याचा मोह आवरला पाहिजे. मुळे लहान व माती पुष्कळ असली की मुळांच्या आवाक्याबाहेरची माती दीर्घकाळ ओली राहते आणि वर वर्णिलेली सारी मालिका सुरू होते. किमान तीन-चार आठवडे रोप आहे त्या कुंडीत राहू द्यावे. नंतर आवश्यकता असल्यास दोन बोटांनी मोठी कुंडी घ्यावी, त्याहून मोठी नको.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. बाहेरून येणाऱ्या काही रोपांची मुळे चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात. प्रवासात गोळा फुटू नये यासाठी ती माती सोयीची असते, पण घरातल्या मंद प्रकाशात ती आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि एकदा वाळली की दगडासारखी होऊन पाणीच आत घेत नाही. अशा रोपाला आठ-दहा दिवस विसावा देऊन, गोळा पाण्यात भिजवून, माती हलकेच सुटी करून, नवे मिश्रण देणे हिताचे. काहींच्या मते अशा गोळ्यालाही मुळीच हात लावू नये. लेखिकेचा अनुभव वेगळा आहे.

मिश्रणात दोन भाग कोकोपीट आणि प्रत्येकी एक भाग तांबडी माती, चांगले कुजलेले गांडूळखत व जाड वाळू किंवा परलाइट असे प्रमाण घरातील बहुतेक रोपांना मानवते. विदर्भ-मराठवाड्यातील शेतातून आणलेली काळी कसदार माती कुंडीत घालण्याचा मोह अनेकांना होतो. ती माती कापसाला उत्तम असली तरी ओली झाल्यावर फुगते, वाळल्यावर भेगाळते आणि कुंडीत तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. वस्तुतः बारीक कणांच्या मातीत केशाकर्षणाने धरलेले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. त्यासाठी वरची माती आधी पूर्ण संपृक्त व्हावी लागते. त्यामुळे थर दिल्याने चिखलाचा भाग नाहीसा होत नाही, तो मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रातून माती वाहू नये म्हणून एक खापरी पुरेशी आहे. छिद्र नसलेली चिनी मातीची कुंडी तर शोभेसाठीच असते. स्वागताला मिळणारी रोपे नेमकी अशाच कुंडीत असतात. त्यातील प्लॅस्टिकची आतली कुंडी बाहेर काढून पाणी घालावे आणि निथळल्यावर परत ठेवावी.

खताविषयी थोडक्यात सांगायचे तर पहिले सहा ते आठ आठवडे खत देऊ नये. मातीत मोहरीएवढे पिवळसर गोळे दिसल्यास ती किडीची अंडी नसून रोपवाटिकेने घातलेले, सावकाश विरघळणारे खत असते.

कीड आणि अलगीकरण

नवे रोप जुन्या रोपांपासून दोन-तीन आठवडे दूर ठेवावे. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. पानामागे बारीक जाळे व पानावर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी. रोप घेतानाच पाने उलटून पाहिली तर निम्मे काम होते. कीड आढळल्यास ओल्या फडक्याने पुसून, लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे व आठवड्याने पुन्हा तसेच करावे.

दोन रूढ समजुती

रोप देताना व्यासपीठावरून हमखास सांगितली जाणारी दोन विधाने तपासून पाहणे अगत्याचे वाटते. पहिले विधान असे की, अमुक झाड घरातील हवा शुद्ध करते. याचा आधार म्हणजे नासासाठी वुल्वर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये केलेले प्रयोग. ते प्रयोग खरे आहेत, पण बंदिस्त छोट्या पेट्यांमध्ये केलेले आहेत. कमिंग्ज व वॉरिंग यांनी २०१९ मध्ये अशा १२ अभ्यासांतील १९६ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. इमारतीत नैसर्गिकपणे होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटर जागेत १० ते १,००० झाडे ठेवावी लागतील, असे त्यांना आढळले. खिडकी उघडणे सोपे.

दुसरे विधान असे की, स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देते. हे झाड पाणी वाचविण्यासाठी पर्णरंध्रे रात्री उघडते आणि कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते, हे खरे आहे. परंतु ऑक्सिजन निर्माण होतो तो पाण्याच्या विघटनातून आणि त्यासाठी प्रकाश लागतो. रात्री ते घडत नाही. विज्ञान शाखेच्या व्यासपीठावरून तरी हे विधान होऊ नये, अशी अपेक्षा बाळगणे गैर ठरणार नाही.

लहान मुले असलेल्या घरात

मनीप्लांट, सिंगोनियम, डिफेनबॅकिया, पीस लिली आणि झेडझेड ही सारी अळूच्या कुळातील झाडे आहेत. अळूचे फदफदे करताना चिंच का घालतात आणि पाने नीट न शिजल्यास घसा का खाजतो, हे मराठी वाचकास सांगण्याची गरज नाही. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. तेच स्फटिक या शोभिवंत झाडांतही असतात. डिफेनबॅकियाचे पान चावल्यास तोंड व जीभ सुजून काही काळ बोलणेही कठीण होऊ शकते. रांगते मूल किंवा पाळीव मांजर असलेल्या घरात या कुंड्या उंचावर ठेवाव्यात आणि भेट देतानाच तशी कल्पना द्यावी. मुलाने पान चावल्यास तोंड धुऊन डॉक्टरांकडे न्यावे. स्पायडर प्लांट किंवा अरेका पाम ही अशा घरांसाठी अधिक निर्धोक निवड होय.

सुट्टीचा प्रश्न

महाविद्यालयातील रोपांपुढची खरी अडचण दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. दिवाळीच्या सुट्टीसाठी, हवा फार कोरडी नसल्याने, निघण्याच्या दिवशी पोटभर पाणी देऊन कुंड्या खिडकीपासून थोड्या आत एकत्र ठेवल्या तर बहुतेक रोपे दोन आठवडे काढतात. उन्हाळ्यात ते जमत नाही. त्यासाठी कापसाची जाड वात उपयोगी पडते. वातीचे एक टोक पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी व दुसरे मातीत तीन-चार बोटे खोल खुपसावे. बादली कुंडीच्या बरोबरीने किंवा किंचित उंचावर ठेवावी. वात आधी भिजवून घेतली नाही तर पाणी चढत नाही. सुट्टीपूर्वी आठवडाभर ही रचना करून पाहावी, म्हणजे आपल्या कुंडीला दिवसाला किती पाणी जाते हे कळते. रसाळ पानांच्या रोपांना आणि स्नेक प्लांटला वात लावू नये. ती महिनाभर कोरडी राहिली तरी चालतात.

आमच्या विभागातील शिपाईमामा सुट्टीतही अधूनमधून येतात. पूर्वी त्यांना 'झाडांकडे लक्ष ठेवा' एवढेच सांगितले जाई आणि ते प्रामाणिकपणे रोज सगळ्यांना पाणी घालीत. आता प्रत्येक कुंडीवर चिकटपट्टी लावून त्यावर 'बोट घालून पाहा' किंवा 'पाणी नको' असे लिहिलेले असते. मामांनी गेल्या उन्हाळ्यात त्यात स्वतःहून एक सुधारणा केली. पाणी घातले की ते चिकटपट्टीखाली पेन्सिलीने तारीख लिहितात. जूनमध्ये परत आल्यावर झेडझेडच्या कुंडीखाली एकच तारीख होती आणि त्याला नवे दोन कोंब आलेले होते.